अल्हाम्ब्राचं स्वप्न, पन्हाळ्याचा रविवार

प्रत्येक ऑफिसात एक तरी असा प्राणी असतो, ज्याच्या डेस्कटॉपवर स्पेनचा फोटो असतो. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ २०११ मध्ये आला आणि गेला, पण आपला स्पेनचा ताप काही उतरला नाही. त्यातही ग्रॅनाडाचा अल्हाम्ब्रा म्हणजे सॉलिड क्रेझ. टेकडीवर मूर सुलतानांचे राजवाडे, बारा संगमरवरी सिंहांचं कारंजं आणि मान अवघडेपर्यंत बघत राहावी अशी छतावरची नक्षी. फक्त व्हिसा, विमानाचं तिकीट, बॉसचा मूड आणि बँक बॅलन्स एकाच आठवड्यात जुळून यायला हवेत. आई-बाबांनाही न्यायचं, पण ते ‘पुढच्या वर्षी नक्की’.

तोवर एक स्वस्त आणि मस्त ऑप्शन आहे. घर वारणानगरला आणि नोकरी पुण्या-मुंबईत अशी ज्यांची विभागणी झालीय, त्यांच्यासाठी तर फारच सोपा. आपल्या सातबाऱ्यावर तालुका कुठला असतो? पन्हाळा. तासाभरात गाडी गडावर. पण आपलं पन्हाळा दर्शन म्हणजे झुणका-भाकर, कांदाभजी, चार फोटो आणि परत. संपला विषय!

हसू नका, पण तुलना अगदीच ओढूनताणून नाही. ग्रॅनाडाच्या टेकडीवर बांधकाम सुरू झालं १२३८ मध्ये. आपला पन्हाळा त्याच्याही आधीचा, बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला. ग्रॅनाडाची मूर सत्ता १४९२ मध्ये संपली. त्याच सुमारास इकडे विजापूरची आदिलशाही उभी राहत होती आणि पुढे पन्हाळा तिच्या ताब्यात आला. म्हणजे कमानी आणि घुमटांची एक दुनिया तिकडे मावळत असताना तिची लांबची बहीण आपल्या तालुक्यात बस्तान बसवत होती.

खात्री करायची तर तीन दरवाजाला थांबा. तिथे १५३४ चा फारसी शिलालेख आहे, पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. आणि त्याच दरवाजाच्या आतल्या चौकटीवर छोटासा गणपती आहे, नंतर मराठ्यांनी बसवलेला. एका दरवाजावर दोन राजवटींची सही! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात पन्हाळाही आहे. अल्हाम्ब्रा त्या यादीत १९८४ पासून आहे. आता दोघं ऑफिशियली एकाच क्लबात.

पण माझा मुद्दा दगडांचा नाही. पन्हाळा बघावा तो घरच्यांबरोबर. मित्रांबरोबर गेलं की फोटो मिळतात, घरच्यांबरोबर गेलं की प्रश्न मिळतात. गेल्या दिवाळीनंतर आम्ही सगळे गेलो होतो. आजी, आई-बाबा, दादा-वहिनी आणि सात वर्षांचा भाचा. अंबरखान्यात मी गाइडगिरी सुरू केली, की ही गंगा, यमुना आणि सरस्वती नावाची धान्याची कोठारं, एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. आजीने छताची भोकं बघितली आणि माझं भाषण एका वाक्यात संपवलं.

‘‘वरनं वतायचं आन् खालनं काडायचं. म्हंजे जुनं आदी संपतंय. आमच्या कणगीला खाली भोक हुतं ते उगंच व्हय?’’

एमबीएवाले लाखो रुपये भरून ‘फर्स्ट इन, फर्स्ट आऊट’ शिकतात, ते हे. मग लक्षात येतं, की १६६० मध्ये सिद्दी जोहरचा वेढा मार्चपासून पडला होता आणि शिवाजी महाराज जुलैत १२ तारखेच्या रात्री निसटले. मधले चार महिने आतली माणसं जेवत होती ती अशाच कोठारांच्या जिवावर. पाण्याचीही अशीच काळजी. अंधारबाव बाहेरून साधी काळ्या दगडाची इमारत वाटते. आत तीन मजले, तळाशी विहीर आणि वर पहाऱ्याच्या जागा. शत्रूने पाणी नासवू नये म्हणून चक्क विहिरीवर घर बांधलंय. ग्रॅनाडाच्या सुलतानांनी नदीचं पाणी पाटाने टेकडीवर आणून कारंजी उडवली. इथे पाणी कुलूपबंद.

मग सज्जा कोठी. ‘‘आत्या, राजाची बेडरूम कुठंय?’’ हा भाच्याचा प्रश्न सकाळपासून पेंडिंग होता. इथे उत्तर बाबांनी दिलं. संभाजीराजांचा मुक्काम याच कोठीत होता असं सांगतात. १६७८ च्या अखेरीस ते दिलेरखानाकडे गेले होते, वर्षभराने पन्हाळ्यावर परतले. जानेवारी १६८० मध्ये महाराज स्वतः पन्हाळ्यावर आले आणि बापलेकांची भेट झाली. ३ एप्रिलला रायगडावर महाराज गेले. ती भेट शेवटची ठरली.

अल्हाम्ब्रातही बापलेकांची गोष्ट आहे. शेवटचा सुलतान बोआबदिल याने १४८२ मध्ये वडिलांविरुद्ध बंड करून गादी घेतली. घरातलं भांडण चालत राहिलं आणि २ जानेवारी १४९२ ला राज्यच गेलं. दोन टेकड्या, दोन घरं. फरक इतकाच, की इथला बाप गड चढून आला.

आमच्या घरात तेव्हा उसाची शेती वाट्याने द्यायची की दादाने पुण्याहून परत यायचं, यावर दोन महिने अबोला होता. दादा आणि बाबा आईमार्फत बोलायचे. गोष्ट संपल्यावर बाबा सज्जात दरीकडे बघत उभे राहिले आणि दादा त्यांच्या शेजारी जाऊन थांबला.

‘‘बाबा, त्या वाट्याचं जरा बसून बोलूया का?’’

‘‘बोलूया की. आधी जेव.’’

निर्णय अजून झालेला नाही. पण आता आईची पोस्टमनगिरी बंद झालीय, हे नक्की.

तर टिप्स लिहून घ्या. सकाळी लवकर निघा, दुपारनंतर गर्दी वाढते. पावसाळ्यात धुकं भन्नाट असतं, पण दरी दिसत नाही, म्हणून पाऊस ओसरल्यावरचे महिने बेस्ट. गडावर गावच वसलंय, रस्ते आहेत, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही बऱ्याच जागांजवळ गाडीने पोचता येतं. अंधारबाव आणि अंबरखान्यासाठी टॉर्च ठेवा. भिंतीवर बदाम कोरणारा हिरो दिसला तर आजीला पुढे करा, ती बघून घेईल. आणि जेवण शेवटी ठेवा, आधी खाल्लंत तर सज्जा कोठीपर्यंत कुणी येणार नाही.

अल्हाम्ब्राचं तिकीट निघेल तेव्हा निघेल. आज रात्री घरी फोन करा, रविवारी आठला गाडी काढतोय म्हणून सांगा. पुढची सीट आजीची.