‘एलईडी आहे, काही होत नाही’

दिवाळीच्या आधी पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत माळा घेताना दुकानदाराला विचारून बघा, ‘एकाला एक किती जोडता येतील?’ उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: ‘कितीही जोडा हो, एलईडी आहे, काही होत नाही.’ हेच वाक्य पुढे डेकोरेटर म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, मंडळाचा कार्यकर्ता म्हणतो. मला या वाक्याची चीड आहे. ते अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या भरवशावर लोक दुसऱ्यांच्या जिवाशी खेळतात.

खरं आहे तेवढं मान्य. जुन्या बल्बच्या माळांपेक्षा एलईडीची माळ फारच थोडी वीज खाते. 5 वॉटच्या 20 माळा लावल्या तरी भार 100 वॉट, म्हणजे अर्धा अँपिअरही नाही. पण वीज कमी खाल्ली म्हणून व्होल्टेज कमी होत नाही. आपल्या बाजारातल्या बहुतेक स्वस्त माळांना ट्रान्सफॉर्मर नसतो, अ‍ॅडॉप्टर नसतो. दिवे लुकलुकवणाऱ्या डबीतून घरचे 230 व्होल्ट सरळ त्या केसाएवढ्या तारेत जातात. आणि लुकलुकताना माळ विझली म्हणजे तिच्यातली वीज गेली, असंही नाही. विझलेल्या माळेची उघडी तारही शॉक देते.

आता जोड बघा. माळेच्या शेवटी सॉकेट नसतं, म्हणून पुढच्या माळेची पिन कापायची, तारा दातांनी सोलायच्या, एकमेकींना पीळ द्यायचा आणि वर सेलोटेप गुंडाळायची. झाला जोड! दोन रात्रींच्या दवात ती टेप सुटते. परतीचा पाऊस आला तर तेवढाही वेळ लागत नाही. उघडी तार गॅलरीच्या लोखंडी ग्रीलला टेकते. त्याच ग्रीलवर ओला टॉवेल वाळत असतो आणि तेच ग्रील धरून घरातलं पोर खालचे फटाके बघत असतं.

‘एमसीबी पडेल की!’ हे त्यावरचं दुसरं ठरलेलं उत्तर. नाही पडणार. 6 अँपिअरचा एमसीबी भिंतीतल्या वायरिंगसाठी बसवलेला असतो. माणसाच्या जिवाला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो, आणि तेवढ्या करंटची त्या एमसीबीला खबरही लागत नाही. सैल जोड ठिणग्या टाकत प्लॅस्टिकचं तोरण पेटवेल, तरी एमसीबी जागचा हलेलच असं नाही. माणसाला वाचवतो तो 30 मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी, आणि आपल्या कितीतरी जुन्या इमारतींत तो बसवलेलाच नाही.

ज्या माळांना मागे सॉकेट असतं, त्याही कितीही जोडायच्या नसतात. पुढच्या सगळ्या माळांचा करंट पहिल्या माळेच्या तारेतून आणि तिच्याच डबीतून जातो. मर्यादा ती पहिली माळ ठरवते. अमेरिकेत नाताळच्या माळांच्या पिनेतच फ्यूज असतो आणि एकापुढे एक किती जोडाव्यात ते पाकिटावर छापलेलं असतं. आपल्या पाकिटावर देवीचं चित्र असतं, आकडा नसतो. असा माल बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला मी बेजबाबदार म्हणतो, गरीब बिचारा व्यापारी म्हणत नाही.

माळ लांब झाली म्हणून मधेच कापणं, किंवा गेलेला दिवा काढून तारा सांधणं, हाही तसाच अडाणीपणा. दिव्यांची संख्या 230 व्होल्टच्या हिशेबाने ठरलेली असते. काही दिवे कमी केले की उरलेल्यांवर जादा ताण येतो, ते तापतात आणि जळतात. आणि पिनच नाही म्हणून बोर्डात तारा खुपसून काडीपेटीच्या काड्या ठोकणाऱ्याला तर माळेला हातच लावू देऊ नका.

करायचं ते अवघड नाही. वायरमनकडून अर्थिंगसह तीन तारांची जाड केबल गॅलरीपर्यंत आणून घ्या आणि प्रत्येक माळ त्यावरच्या बोर्डात स्वतंत्र पिनेने लावा. बोर्ड पावसापासून आडोशाला आणि जमिनीपासून वर ठेवा. जोडायच्याच असतील तर एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या माळा जोडा, पाकिटावर लिहिल्या असतील तेवढ्याच. आकडा लिहिलेला नसेल तर एकही जोडू नका. मंडळांना महावितरण उत्सवासाठी तात्पुरती जोडणी देतं. ती घ्या, रस्त्यावरच्या खांबाला हात लावू नका.

सेक्रेटरी महोदय, यंदा डेकोरेटरला पैसे देण्याआधी वायरमनला बोलवा, मेन बंद करा आणि गेटपासून गच्चीपर्यंतचा प्रत्येक जोड त्याच्याकडून तपासून घ्या. सेलोटेपचा एकही जोड सापडला तर सगळी माळ उतरवायला लावा.