लेनीला कुणी विचारलंच नाही

जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही १९३७ची छोटेखानी कादंबरी. एका बैठकीत वाचून होते आणि बहुतेक वाचक जॉर्जसाठी डोळे पुसत पुस्तक मिटतात. माझं म्हणणं असं की त्या गोष्टीत लेनीही आहे, आणि त्याच्याकडे आपण नीट पाहतच नाही.

लेनी स्मॉल हा कॅलिफोर्नियातला फिरस्ता शेतमजूर. देह राक्षसाचा, समज लहान मुलाची. मऊ वस्तू कुरवाळायची त्याला भारी हौस, पण हाताला अंदाज नाही. आधी खिशातला उंदीर मरतो, मग कुत्र्याचं पिल्लू. शेवटी मालकाच्या सुनेच्या केसांवरून हात फिरवताना ती ओरडते, हा घाबरतो आणि तिची मान मोडते. जमाव पोचण्याआधी सोबती जॉर्ज नदीकाठी त्याला सशांच्या स्वप्नात गुंतवून मागून गोळी घालतो. त्याआधी एका म्हाताऱ्या गड्याचा निकामी कुत्राही असाच मारला गेलेला असतो. म्हणजे कुत्र्याच्या आणि माणसाच्या मरणाला लेखकाने एकाच मापाने मोजलं.

लेनीचं अपंगत्व लेखकाने प्रामुख्याने दोन गोष्टींतून उभं केलंय, विसराळूपणा आणि ताकद. दोन्ही कथानकाच्या सोयीच्या. मालकासमोर जॉर्ज त्याला गप्प राहायला सांगतो आणि उत्तरं स्वतः देतो. तबेल्यात एकट्या राहणाऱ्या काळ्या क्रुक्सच्या खोलीत मात्र लेनी जॉर्जविना असतो. जॉर्ज परतलाच नाही तर, असं क्रुक्स डिवचतो. त्यावर लेनी आधी स्वतःचा नाही, जॉर्जचा विचार करतो, त्याला कुणी दुखावलं म्हणून चिडून उठतो. मला तो प्रसंग अख्ख्या कादंबरीत सर्वांत खरा वाटतो. पण खुनानंतर त्याच माणसाला कुणी विचारत नाही की बाबा, काय झालं?

गोष्ट पुस्तकातच राहिली असती तर एवढं लिहिलं नसतं. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना फाशी नको, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये ठरवलं. २००४मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने अशी सूट कुणाला द्यावी हे ठरवताना चक्क लेनीचं उदाहरण घेतलं. ते निकष २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढले, पण मधल्या काळात एक काल्पनिक माणूस खऱ्यांच्या जिवाचं माप होऊन बसला होता.

आपल्याकडे ‘चौकट राजा’तला (१९९१) नंदू निरागस, तिकडचा लेनी धोकादायक. मोहल्ल्यातही अशा माणसासाठी हेच दोन कप्पे, एक तर अल्लाहचा बंदा, नाहीतर येडा. साक्षीदाराचा कप्पा कुठेच नाही.

पनवेलकरांनी तो पाहायला हवा होता. २०११मध्ये कळंबोलीतल्या एका आश्रयगृहातल्या मतिमंद मुलींवरचे अत्याचार उघड झाले. ज्यांनी सांभाळायचं त्यांनीच ते केले होते. खटल्यात मुलींनी स्वतः साक्षी दिल्या आणि मार्च २०१३मध्ये मुंबईच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं. कादंबरी शिकवते की जपा, या माणसापासून धोका आहे. कळंबोलीत धोका उलट दिशेने आला होता, आणि बोलणाऱ्या त्या मुलीच होत्या.

साक्षीदार होण्यासाठी कायदा बुद्ध्यांक विचारत नाही. प्रश्न समजतो का आणि समजेल असं उत्तर देता येतं का, एवढंच तो बघतो. २०१३च्या दुरुस्तीनंतर अशा पीडितेचा जबाब विशेष शिक्षक किंवा दुभाष्याच्या मदतीने, चित्रीकरण करून घ्यायचा आहे. कागदावर हे सगळं आहे. उद्या पनवेल किंवा कळंबोलीच्या ठाण्यात अशी मुलगी आली, तर रात्री नऊ वाजता फोन कुणाला लावणार, ते नाव आणि नंबर ठाण्यात आहे का, हे तिच्या आईबापांनी आणि मोहल्ला कमिटीने आजच जाऊन विचारावं.