तुमच्या घरात किती भाषा?

मुलांनो, नवापूरचं रेल्वे स्टेशन तुमच्यापैकी कुणी पाहिलंय? सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन म्हणजे एक गंमतच आहे. १ मे १९६० रोजी जुन्या मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्यं झाली आणि सीमारेषा गेली ती थेट फलाटावरून! सुमारे आठशे मीटर लांबीच्या या स्टेशनाचा तीनशे मीटरांचा भाग महाराष्ट्रात आणि पाचशे मीटरांचा गुजरातेत आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तर गुजरातेत. तिथल्या एका बाकावर तर मधोमध रेघ ओढून एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला गुजरात असं लिहिलेलं आहे. दोघी बहिणी शेजारी शेजारी बसून शेंगा खात असल्या तरी एक एका राज्यात आणि दुसरी दुसऱ्या राज्यात! पाट्या चार भाषांत आहेत : मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी. गाडी येणार असल्याची घोषणाही चारही भाषांत होते.

पण माझ्या मते खरी गंमत याच्यापुढे आहे. त्या बाकावर बसलेली एखादी आजी नातवाला "इकडं ये, रुळाजवळ जाऊ नको" म्हणते ना, ते या चारांपैकी एकाही भाषेत म्हणत नाही. ती मावचीत बोलते. मावचीची पाटी मात्र स्टेशनवर कुठेच नाही.

एका वाचक मुलीनं पत्रातून विचारलं होतं, "बाई, माणसाला एक भाषा पुरत नाही का? एवढ्या भाषा शिकायच्या तरी कशाला?" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर शोधायला आपल्या नंदुरबार जिल्ह्याइतकी सोयीची जागा मला तरी दुसरी दिसत नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आहे. तालुके फक्त सहा. पण भाषा मोजायला बसलात तर दोन्ही हातांची बोटं कामाला लागतील. धडगावकडे, म्हणजे अक्राणी तालुक्यात, पावरी ऐकू येते. अक्कलकुव्याकडे वसावी, देहवाली. नवापूरला मावची आणि कोकणी. (ही कोकणी म्हणजे गोव्याची नव्हे बरं का! ही कोकणा आदिवासींची.) तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरांची गुजरी. नंदुरबारच्या मिरचीबाजारात गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू. आणि शाळेत, कचेरीत, एसटीत मराठी.

आता ही एकाच प्रश्नाची तीन रूपं पाहा. मराठीत "तुझं नाव काय आहे?" अहिराणीत "तुन्हं नाव काय शे?" गुजरातीत "तारुं नाम शुं छे?" 'आहे', 'शे' आणि 'छे' ओळीनं तीन-चार वेळा म्हणून बघा. 'शे' कुणाच्या जास्त जवळ वाटतो? अहिराणीला काही लोक 'बिघडलेली मराठी' म्हणतात. मी स्वतः अहिराणी घरातली, त्यामुळे मला याचा राग येतो हे कबूल! बिघडलेलं दूध असतं, भाषा नव्हे. मराठी आणि गुजराती या दोन शेजारणींच्या मधोमध जिचं घर आहे, तिचं बोलणं थोडं दोघींसारखं असणारच.

तर मग लोक नव्या भाषा का शिकतात? पहिलं उत्तर अगदी साधं : मीठमिरचीसाठी! डोंगरातला माणूस आमचूर, डिंक, महूची फुलं घेऊन बाजाराला उतरतो. समोर बसलेल्या व्यापाऱ्याला त्याची भाषा यायला हवी, नाहीतर त्याला तरी व्यापाऱ्याची. भाव कळला नाही तर नुकसान कुणाचं? म्हणून दोघंही थोडी थोडी शिकतात. आमच्याकडचे जुने वाणी दुकानदार घरी गुजराती बोलतात, पण गिऱ्हाइकाशी अशी झकास पावरी बोलतात की डोळे मिटून ऐकलं तर ओळखू येणार नाही. त्यांना कुणी व्याकरण शिकवलं नव्हतं. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा तर एका दिवसात चार-पाच भाषा कानांवरून जातात.

दुसरं कारण लग्नाचं. आई एका बोलीची, बाबा दुसऱ्या बोलीचे, असं घर आपल्याकडे नवीन नाही. अशा घरातलं मूल आईशी एक आणि आजोबांशी दुसरी भाषा बोलतं आणि आपण दोन भाषा बोलतोय हे त्याला ठाऊकही नसतं.

तिसरं कारण पोटाचं. दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला जातात. मुलंही सोबत जातात. चार-सहा महिन्यांनी परत येतात तेव्हा ती फडाफड गुजराती बोलत असतात, पण मराठीची बाराखडी विसरलेली असतात. शाळेच्या हजेरीपटावर नुसती गैरहजेरीची फुली दिसते. त्या महिन्यांत मूल एक अख्खी भाषा शिकून आलं, हे लिहायला हजेरीपटात रकाना नाही.

चौथं कारण मानाचं. तळोदे तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज यांनी १९३० च्या दशकात आदिवासी समाजात सुधारणेची मोठी चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, असं ते सांगत. आणि आणखी एक गोष्ट सांगत : एकमेकांना 'आप' म्हणा. ज्या माणसांना सावकार आणि शिपाई येताजाता 'अरे-तुरे' करत, ती माणसं एकमेकांना 'आप' म्हणू लागली! दुसऱ्या भाषेतून घेतलेला एक छोटासा शब्द, पण त्यानं माणसाची मान वर केली.

नंदुरबारचा शिरीषकुमार तर तुम्हांला माहीतच आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी मुलांची मिरवणूक निघाली, गोळीबार झाला आणि हातात तिरंगा धरलेला शिरीषकुमार कोसळला. तो गुजराती घरातला. त्या दिवशीच्या घोषणाही गुजरातीत होत्या. त्याच्यासोबत हुतात्मा झालेल्यांची आडनावं वाचा : वाणी, केतकर, शहा. मिरवणुकीत चालताना कुणी कुणाला "तुझ्या घरी कुठली भाषा बोलतात?" असं विचारलं असेल का?

आता थोडं शाळेचं सांगते, आणि हे पालकांनीही वाचावं. पाड्यावरचं मूल सहाव्या वर्षी पहिलीत येतं. घरच्या भाषेत ते चुरूचुरू बोलत असतं, रानातल्या पन्नास झाडांची नावं त्याला येत असतात, शेळ्या मोजता येत असतात. वर्गात मात्र ते गप्प होतं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, मूल बुजरं आहे किंवा ढ आहे. यांपैकी काही नसतं. त्याला नुसतं मराठी येत नसतं! 'अ अननसाचा' म्हटलं तर सातपुड्यात अननस कुठला? 'आ आंब्याचा' म्हटलं की बघा चेहरा कसा फुलतो. आंबा त्याच्या दारातच आहे.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे मूल मराठी शिकेपर्यंत वाट पाहायची. ती वाट बघता बघता काही मुलं शाळाच सोडतात. दुसरी वाट म्हणजे बाईंनी किंवा गुरुजींनी मुलाची भाषा शिकायची. मी दुसऱ्या वाटेनं गेले, कारण ती जवळची होती. मला पावरी शिकवली ती पहिली-दुसरीतल्या मुलांनी. एकेक वस्तू उचलून दाखवायची, तिचं नाव त्यांनी सांगायचं, मी म्हणायचं आणि सगळ्यांनी पोट धरून हसायचं. त्या हसण्यात वर्गाचा गप्पपणा निघून जायचा. मग मी मराठी शब्द सांगायची आणि हसायची पाळी माझी!

आपल्या राज्यघटनेतही हे आहे. १९५६ साली तिच्यात ३५० अ हे कलम आलं : प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शिकवण्याचं माध्यम 'शक्य असेल तेथवर' मुलाची मातृभाषा असावी असं म्हटलं आहे. या 'शक्य असेल तेथवर'मध्ये बरंच काही अडकून पडतं, पण ते असो. २०२५ साली पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवावी असे आदेश निघाले, त्यावरून राज्यभर खूप वाद झाला आणि जून महिन्यात ते मागे घेतले गेले. तो वाद ऐकताना माझ्या मनात येई, की तिसरी भाषा कुणाची? आमच्या पाड्यावरच्या मुलाची पहिली भाषा पावरी, दुसरी मराठी, तिसरी इंग्रजी. त्याला हिंदी चौथी झाली असती! ही मोजदाद मात्र कुणी फारशी केली नाही.

नर्मदाकाठची गोष्ट तर आणखी वेगळी. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात आपल्याकडची अनेक गावं बुडाली. काही कुटुंबं तळोदे तालुक्यात उतरली, काहींना गुजरातेत जमिनी मिळाल्या. आता एकाच आजीची दोन नातवंडं : एक मराठी शाळेत शिकतं, दुसरं गुजराती. भेटले की गप्पा घरच्या भाषेत. पण एकानं लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येत नाही. त्याच काठावर १९९० च्या दशकात आंदोलनानं 'जीवनशाळा' सुरू केल्या. तिथे मुलांना त्यांच्या घरच्या बोलीतूनही शिकवलं जाई.

"आमच्या बोलीला लिपी नाही, मग ती भाषा कशी?" असं मला पालक विचारतात. त्यांना मी सांगते, इंग्रजीला तरी स्वतःची लिपी कुठे आहे? ती रोमन लिपीत लिहितात. मराठी देवनागरीत लिहितो, पूर्वी मोडीतही लिहायचे. कवी वाहरू सोनवणे यांनी भिलीतही कविता लिहिल्या आणि मराठीतही. देवनागरीत भिली लिहिता येते, त्यात काही अडत नाही.

शंभर वर्षांपूर्वी ग्रिअर्सन नावाच्या आयरिश अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली होती. त्यानं युक्ती मोठी छान केली. बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट जागोजागच्या भाषांत सांगायला लावली आणि ती उतरवून घेतली. गोष्ट एकच असल्यामुळे भाषांतले फरक लगेच दिसतात. भिली भाषा आणि खानदेशी यांचा त्याचा खंड १९०७ साली छापला गेला. पुढे २०१० पासून गणेश देवी यांच्या पुढाकारानं देशभर लोकांनीच आपापल्या भाषांची पाहणी केली. त्यात ७८० भाषा नोंदल्या गेल्या.

साने गुरुजी आपल्या खानदेशातल्या अमळनेरला शिक्षक होते. १९३० साली त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवलं होतं. भोवती दक्षिणेकडचे सत्याग्रही. सगळे एकाच कारणासाठी तुरुंगात, पण एकमेकांची भाषा येईना! गुरुजींना ते फार लागलं. तिथे ते तमिळ शिकू लागले आणि 'कुरळ' या प्राचीन तमिळ ग्रंथाचं त्यांनी मराठीत भाषांतर केलं. पुढे त्यांनी मांडलेल्या 'आंतरभारती'च्या कल्पनेचं मूळ त्या तुरुंगातच आहे.

आता एक कामाची गोष्ट. २०११ च्या जनगणनेत भिली गटातल्या भाषा बोलणारे एक कोटी चार लाख लोक नोंदले गेले. संथाली बोलणारे सुमारे ७४ लाख. संथालीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली आहे, भिलीला नाही. त्यातही, आपल्याकडचे किती लोक संकोचून 'मातृभाषा मराठी' असं सांगून टाकतात, ते वेगळंच! मराठी आपली आहेच, ती चांगली यायलाच हवी. पण मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती. जनगणनेच्या पुस्तिकेतही असाच अर्थ दिला होता. २०२१ ची जनगणना लांबली. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख सरकारनं जाहीर केली आहे. माहिती लिहायला येणारे बहुधा तुमच्याच शाळेचे गुरुजी किंवा बाई असतील. तेव्हा घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा : जी भाषा बोलता तिचं नाव न लाजता सांगा. पावरी तर पावरी, मावची तर मावची, अहिराणी तर अहिराणी.

२०११ च्या अर्जात मातृभाषेनंतर 'येणाऱ्या इतर भाषा' असा प्रश्न होता आणि उत्तराला जागा होती फक्त दोन भाषांची. नवापूरच्या बाकावरच्या आपल्या आजीला कमीत कमी तीन येत असतील! म्हणून या आठवड्यात तुम्हीच एक अर्ज तयार करा, वाटेल तेवढ्या ओळींचा. घरातल्या प्रत्येकाला किती भाषा येतात, कोणती कुणाकडून शिकले आणि कशासाठी, ते विचारून लिहा. शेवटी 'पाऊस', 'भाकर', 'चांदणी' आणि 'आजी' या चार शब्दांना तुमच्या घरात काय म्हणतात ते लिहून मला पाठवा. उच्चार जसा असेल तसाच लिहा, 'शुद्ध' करू नका.