निबंध गाइडमधला नको, घरातला हवा

शिक्षक मित्रांनो, पालकहो, ‘माझे आवडते वाहन’ हा निबंध मुलं सरळ गाइडमधून उतरवून आणतात. रोहिणखेडच्या मुलाच्या वहीतही मग शहरातल्या मुलाचीच गाडी! असं किती दिवस चालायचं?

रस्त्यावर दिसणाऱ्या ‘एमजी’ गाडीपासून सुरुवात करून बघा. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचे विल्यम मॉरिस सोळाव्या वर्षी घरीच सायकली दुरुस्त करू लागले. पुढे त्यांच्या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या साध्या गाड्यांवरूनच छोट्या, वेगवान स्पोर्ट्स कार तयार केल्या. १९२९ची ‘मिजेट’ त्यातलीच. आपली अँबॅसडरसुद्धा ‘मॉरिस ऑक्सफर्ड’वरूनच बनली, ती २०१४ पर्यंत तयार होत होती.

एवढं सांगून झालं की मुलांना म्हणा, घरी आजी-आजोबांना विचारा, पहिल्यांदा मोटारीत कधी बसलात? लग्नाच्या वरातीत, की दवाखान्यात जाताना? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. शुद्धलेखन नंतर बघता येईल.

पालकहो, त्या संध्याकाळी टीव्ही बंद ठेवा. या आठवणी कुठल्याही गाइडमध्ये मिळत नाहीत, आणि सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.