सुरक्षिततेचा खर्च कोणी सोसायचा?

जून २०२३ मध्ये मुंबईतील चर्नी रोडच्या सावित्रीबाई फुले शासकीय वसतिगृहात एका अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीचा खून झाला. ज्याच्यावर संशय होता तो वसतिगृहातच वर्षानुवर्षे पहाऱ्याचे व पडेल ते काम करणारा माणूस. त्याने त्याच दिवशी रेल्वेखाली जीव दिला. सुट्टीमुळे बहुतेक मुली गावी गेल्या होत्या. ही मुलगी अपरात्री बाहेर भटकत नव्हती. ती आपल्या खोलीत होती. धोका फाटकाबाहेर असतो आणि रक्षण फाटकाच्या आत, हे आपल्या संस्थाचालकांचे आवडते गृहीत त्या खोलीत कोसळले. परंतु अशी घटना घडली की उपाय सुचतो तो एकच : फाटक आणखी लवकर बंद करावे.

हे लिहिताना मला माझा स्वतःचा अपराध आठवतो. काही वर्षे मी एका महाविद्यालयाच्या वसतिगृह समितीवर होतो. मुलींचे फाटक साडेसातला बंद करण्याचा नियम माझ्याही सहीने लागला. एका पावसाळी संध्याकाळी गावाहून परतणाऱ्या विद्यार्थिनीची एस.टी. तासभर उशिरा पोचली. पहारेकऱ्याने नियम पाळला. ती मुलगी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर दोन तास अंधारात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून दिलगिरीचे पत्र लिहून घेतले गेले, आणि मी ते निमूटपणे फायलीला लावले. तिच्या रक्षणासाठी केलेल्या नियमानेच तिला रस्त्यावर बसवले, हे तेव्हा आम्हा विद्वानांपैकी कोणाच्या ध्यानात आले नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी हा प्रश्न तत्त्वतः निकालात काढला आहे. सुरक्षिततेचे कारण पुढे करून विद्यार्थिनींवर मुलांहून वेगळे, भेदभावाचे वसतिगृह-नियम लादू नयेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तरीही फाटके आपल्या जागी आहेत. याचे कारण केवळ जुनाट नीतिकल्पना नव्हे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ते हिशेबातही दिसते. दिवा लावायला पैसे लागतात, रात्रीची बस चालवायला पैसे लागतात, पहारेकऱ्यांना प्रशिक्षण देऊन पुरेशा पगारावर कायम नेमायला तर फारच पैसे लागतात. कुलूप मात्र स्वस्त असते. सुरक्षिततेचा खर्च संस्था सोसत नाही तेव्हा तो नाहीसा होत नाही. तो विद्यार्थ्याच्या अंगावर पडतो. सधन घरची मुलगी तो रिक्षाभाड्याच्या रूपाने देते. जिच्याजवळ पैसे नाहीत ती संध्याकाळचे ग्रंथालय सोडून देते.

वसतिगृहांच्या बाबतीत तर शासनाने हे उघडच केले आहे. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर रोख रक्कम देणारी स्वाधार योजना २०१६-१७ पासून आली. मदत स्वागतार्हच होती. पण मुंबई-पुण्यासारख्या शहरांत निवासासाठी तेव्हा वर्षाला २०,००० रुपये धरले गेले. म्हणजे महिन्याला सतराशेही नाहीत. एवढ्या भाड्यात कोणत्या वस्तीत, कोणत्या जिन्यावरची खोली मिळते आणि तिथल्या दाराला कडी असते की नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील विद्यार्थिनी छेडछाडीविरुद्ध रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांनी काय मागितले होते? रस्त्यावर दिवे आणि कामाचे पहारेकरी. उत्तर मिळाले ते लाठीमाराचे. ज्या मुली अंधारी वाट रोज तुडवतात त्यांना दिवा कुठे हवा हे प्रशासनापेक्षा अधिक कळते. फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

आणि विचारायचे कोणामार्फत? विद्यार्थ्यांशी संबंधित लैंगिक छळाच्या तक्रारीत अंतर्गत समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी लोकशाही पद्धतीने निवडून आलेले असावेत, असे तेच विनियम सांगतात. आपल्या महाराष्ट्रात मात्र १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुकाच बंद केल्या. गुन्हा काही जणांनी केला, मताचा हक्क सर्वांचा गेला. साडेसातच्या फाटकामागचे तर्कशास्त्र आणि हे, दोन्ही एकाच टाकसाळीतले. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली खरी, पण कागदावरचा हक्क आणि मतपेटी यांत किती अंतर असते हे आपण जाणतो.

आपल्या विद्यार्थी साथींनी आपापल्या महाविद्यालयात तीन प्रश्न लेखी विचारावेत : अंतर्गत समितीवर विद्यार्थी कोण आणि त्यांना निवडले कोणी? पहारेकरी कोणाच्या नोकरीत आहेत आणि त्यांना पगार किती? सुट्टीत वसतिगृहात मोजक्या मुली उरतात तेव्हा रात्री तेथे जबाबदार व्यक्ती कोण असते? उत्तर महिनाभरात न आल्यास तसे या साप्ताहिकाकडे कळवावे. चर्नी रोडनंतर तिसऱ्या प्रश्नाला उशीर चालणार नाही.