आनंदाचा व्यवसाय

विद्यार्थी मित्रांनो, दहावीची परीक्षा जवळ आली की घरी येणारा प्रत्येक पाहुणा तुम्हांला एक प्रश्न विचारतो, "पुढे काय करणार?" तुम्ही उत्तर देता. कोणी म्हणतो, "दुकान काढणार." कोणी म्हणते, "शिवणकाम करणार." लगेच दुसरा प्रश्न येतो, "त्यात मिळते किती?" हे दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण आणखी एक प्रश्न आहे. तो सहसा कोणी विचारत नाही. "ते काम करताना तुला आनंद होतो का?"

ज्याला स्वतःचा लहानसा व्यवसाय करायचा आहे, त्याने हा तिसरा प्रश्न स्वतःला सर्वांत आधी विचारावा, असे माझे मत आहे. नोकरीत कामाची वेळ ठरलेली असते. छोट्या व्यवसायात मालक तुम्हीच, नोकर तुम्हीच आणि सकाळी दुकान झाडणारेही तुम्हीच. दिवसाचे दहा-बारा तास आणि आयुष्याची तीस-चाळीस वर्षे ज्या कामाच्या सोबतीने काढायची, ते काम मनाला नकोसे असेल तर गल्ल्यातले पैसे कितीही वाढोत, घरी परतणारा माणूस थकलेला आणि चिडलेलाच असतो.

हे शहाणपण मला माझ्या स्वतःच्या नुकसानीने शिकवले. कॉलेज संपल्यावर मी एका मित्राबरोबर तयार कपड्यांचे दुकान काढले. त्याचे कारण एवढेच होते की, समोरच्या कपड्यांच्या दुकानात रोज गर्दी दिसत असे. गर्दी म्हणजे नफा, असे आम्हांला वाटले. अब्बांनी साठवलेले पैसे मी त्यात घातले. पण मला कापडाची पारख नव्हती आणि ती शिकण्याची हौसही नव्हती. गिऱ्हाईक चौथा सदरा उघडून दाखवा म्हणाले की माझ्या कपाळावर आठी पडे. मी सारखा घड्याळाकडे पाही. गिऱ्हाइकाला सगळे कळते. ते काही बोलत नाही, फक्त पुन्हा येत नाही. चौदा महिन्यांत आम्ही दुकानाला कुलूप लावले. अब्बा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

आमच्या मोहल्ल्यात एक वृद्ध जिल्दसाज होते. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू. दुकान बंद झाल्यावर मी रिकामा होतो, म्हणून त्यांच्याजवळ जाऊन बसू लागलो. पाने सुटलेले एखादे जुने पुस्तक ते हातात घेत. आधी ते उलटसुलट करून पाहत. मग जुनी शिवण उसवत, पाने सारखी करत, जुजबंदी करून पुन्हा शिवत. मैद्याच्या खळीत थोडे मोरचूद घालत, म्हणजे पुठ्ठ्याला कीड लागत नाही. पुस्तक दाबाखाली ठेवून दुसऱ्या दिवशी बाहेर काढत. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मला माझ्या दुकानात एकदाही लाभले नव्हते. हळूहळू मीही सुई हातात घेतली. पहिले पुस्तक मी वाकडे शिवले. चाचांनी ते उसवले आणि म्हणाले, "बेटा, पुन्हा शिव." मला राग आला नाही. पुन्हा शिवावेसेच वाटले. कपड्यांच्या दुकानात चौथा सदरा उघडताना मी चिडत होतो आणि इथे तेच पुस्तक तिसऱ्यांदा शिवताना मला कंटाळा येत नव्हता. हे माझे काम आहे, हे मी तेव्हा ओळखले. आज माझे जिल्दसाजीचे छोटे दुकान आहे.

आता तुमच्यापैकी काही जण मनात म्हणतील, "हे सारे ठीक आहे, पण आमच्या घरी खाणारी सात माणसे आहेत. आनंदाने चूल पेटत नाही." हा आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही.

आनंदासाठी व्यवसाय करायचा म्हणजे हिशेब ठेवायचा नाही, असा अर्थ कोणी घेऊ नये. उलट अशा माणसाला हिशेब अधिक काटेकोर ठेवावा लागतो. आपल्याला पुरेसे म्हणजे किती, हे त्याने आधी कागदावर मांडले पाहिजे. समजा, जिल्दसाजाच्या घराचा महिन्याचा खर्च १२,५०० रुपये आहे. दुकानाचे भाडे ३,००० रुपये आणि पुठ्ठा, कापड, दोरा, खळ यांचा खर्च ४,००० रुपये. एकूण १९,५०० रुपये झाले. महिन्यातून २६ दिवस काम केले तर रोज ७५० रुपये यायला हवेत. एका पुस्तकामागे ७५ रुपये मिळत असतील तर रोज दहा पुस्तके बांधावी लागतील. हा आकडा समोर असला की मन स्थिर होते. दहाऐवजी पाचच पुस्तके येत असतील तर केवळ आवड पुरणार नाही. मग वह्या, फायली, हिशेबाची रजिस्टरे अशी जोडीची कामे शोधावी लागतील, किंवा काही वर्षे दुसरी नोकरी करून संध्याकाळी दुकान उघडावे लागेल. त्यात कमीपणा काही नाही.

सुरुवातही झेपेल एवढीच करावी. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. मोठे दुकान नव्हते, यंत्रे नव्हती. जे काम हाताला येत होते, तेच त्यांनी निवडले. त्यातूनच पुढे लिज्जत पापड हे नाव घराघरांत पोहोचले. प्रत्येक व्यवसाय एवढा वाढेलच असे नाही आणि वाढावाच असेही नाही. पण थोड्या भांडवलात सुरुवात केली, तर काम जमले नाही तरी घर बुडत नाही. मी अब्बांची सारी पुंजी एकदम लावली, ती माझी चूक होती. ती तुम्ही करू नका.

खरी परीक्षा मात्र पैसे कमी पडतात तेव्हा होत नाही. ते जास्त येऊ लागतात तेव्हा होते. माझे दुकान सुरू होऊन सहा-सात वर्षे झाली होती. एक व्यापारी आला आणि म्हणाला, "महिन्याला पाच हजार पावतीपुस्तके बांधून द्या." पैसे चांगले होते. पण त्यासाठी यंत्र घ्यावे लागणार होते, चार मुले कामाला ठेवावी लागणार होती, आणि लोकांनी आणलेली जुनी पुस्तके हाती घ्यायला मला वेळ उरणार नव्हता. मी कारखान्याचा देखरेख्या झालो असतो. जिल्दसाज राहिलो नसतो. दोन दिवस विचार करून मी नाही म्हटले. घरात नाराजी झाली. अम्मी आठवडाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांचेही चुकत नव्हते. त्या वर्षी बहिणीचे लग्न असते किंवा घरात कोणी आजारी असते, तर मी ते काम नक्की घेतले असते आणि घेणेच माझे कर्तव्य ठरले असते. पण आमची गरज भागत होती. गरज भागल्यावर आणखी पैसा घ्यायचा की आपल्या आवडीचे काम राखायचे, हे ठरवण्याचा अधिकार माणसाला असतो. ज्याने "पुरेसे म्हणजे किती" हा आकडा कधी मांडलाच नाही, त्याला हा अधिकार कधीच मिळत नाही. त्याला नेहमी थोडे कमीच वाटत राहते.

आनंद म्हणजे आराम, असाही एक गैरसमज आहे. तो दूर करण्यासाठी तुम्हांला सांगली जिल्ह्यातील मिरजेला घेऊन जातो. तिथे तानपुरे आणि सतारी बनवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांचे पूर्वज शिकलगार होते. ते शस्त्रांना धार लावत, त्यांना झिलई देत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचे राज्य आले आणि शस्त्रांचे काम संपत गेले. तेव्हा मिरजेतील फरीदसाहेब या कारागिराने वाद्ये बनवण्याची कला हाती घेतली. ज्या हातांनी तलवारी घासल्या, ते हात सूर घडवू लागले. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले होते. १९३७ साली त्यांचे निधन झाले. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले आहे. तिथे उरुसात दरवर्षी गायक-वादक हजेरी लावतात.

या कारागिरांचे काम पाहा. तानपुऱ्यासाठी लागणारा मोठा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतो. तो पूर्ण वाळावा लागतो. मग तो कापायचा, त्याला लाकडी दांडी जोडायची, नक्षी करायची, तारा चढवायच्या. शेवटी येते ते सर्वांत अवघड काम, जवारी लावण्याचे. ज्या घोडीवरून तारा जातात, तिचा वरचा भाग अगदी थोडा थोडा घासायचा. तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. एक घास जास्त झाली तर सूर बिघडतो. हे काम मोजपट्टीने होत नाही. त्याला तयार कान लागतो. यात आराम कुठे आहे? बोटे दुखतात, डोळे शिणतात, भुशाने नाक भरते. पण तार जेव्हा गोड गुंजू लागते, तेव्हा त्या कारागिराला जो आनंद होतो, तो विकत मिळणारा नाही.

पुढे विजेवर चालणारे तानपुरे आले. आता तर मोबाइलमध्येही तानपुऱ्याचा सूर मिळतो. केवळ नफ्याचा विचार केला असता, तर मिरजेतील साऱ्यांनीच हे काम सोडून दिले असते. काहींनी ते सोडले आहे आणि त्यांना दोष देता येणार नाही. तरीही कित्येक हात आजही जवारी लावत आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हे नाव आता दुसऱ्या ठिकाणच्या मालाला लावता येत नाही. बाजाराने पाठ फिरवली तरी काही माणसांनी हे काम टिकवले, म्हणूनच मानांकन मिळण्यासारखे काही शिल्लक राहिले, असे मला वाटते.

आपल्या थोरांची नावेही पाहा. फारसी कवी फरीदुद्दीन अत्तार तुम्हांला ठाऊक असतील. अत्तार म्हणजे अत्तरे आणि औषधी विकणारा. महाराष्ट्रात तेरचे गोरा कुंभार आणि अरणचे सावता माळी हे संत होऊन गेले. जग त्यांना त्यांच्या कामासकट ओळखते. मडकी घडवणे किंवा मळा शिंपणे यांत त्यांना कमीपणा वाटला नाही. ज्या कामावर जीव असतो, ते काम माणसाच्या नावाला असे चिकटून राहते आणि शोभूनही दिसते.

म्हणून मित्रांनो, व्यवसाय निवडताना शेजाऱ्याच्या दुकानातील गर्दी पाहू नका. आपल्या हातांकडे पाहा. ज्या दिवशी एकही गिऱ्हाईक येणार नाही, त्या दिवशीही हे काम करत बसावे असे वाटेल का? काम बिघडले तर पुन्हा करण्याचा कंटाळा येणार नाही ना? आणि आपल्या घराला पुरेसे म्हणजे किती? या तीन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहा. तो कागद आईवडिलांना दाखवा आणि त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. त्यांनी तुमच्यापेक्षा अधिक पावसाळे पाहिले आहेत. त्यांची काळजी खोटी नसते.

चाचा आज हयात नाहीत. त्यांचा पुस्तके दाबण्याचा लाकडी शिकंजा माझ्या दुकानात आहे. मागच्या महिन्यात एक मुलगी आपल्या आजीचे जुने कुरआन शरीफ जिल्द बांधायला घेऊन आली. त्याची आतली शिवण मी पाहिली आणि ओळखली. ती चाचांची होती. इतक्या वर्षांत पुठ्ठा झिजला होता, कापड विरले होते; पण एकही टाका सुटला नव्हता. मी ती शिवण तशीच ठेवली आणि फक्त नवा पुठ्ठा चढवला. त्या दिवशी माझ्या गल्ल्यात थोडेच पैसे पडले. घरी जाताना मात्र माझी पावले हलकी होती.