शूटच्या आदल्या रात्री ‘सॉरी, उद्या नाही जमणार’; मग पैसे कोणाचे बुडतात?

रात्री साडेअकराला मेसेज येतो. ‘सॉरी दादा, उद्या नाही जमणार.’ पुढे हात जोडलेला इमोजी.

सकाळी सहाला भिगवणजवळ उजनीच्या काठावर पोचायचं ठरलेलं असतं. भाड्याने आणलेली लेन्स बॅगेत असते, मेकअप आर्टिस्टने बारामतीहून निघण्यासाठी पहाटे चारचा अलार्म लावलेला असतो, होडीवाल्याला सांगून झालेलं असतं. मेसेज कधी मॉडेलचा असतो, कधी होणाऱ्या नवरदेवाचा. आणि बऱ्याचदा तो खुद्द फोटोग्राफरचाही असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. इन्स्टाग्रामवरच्या तक्रारी वाचल्या की वाटतं, दगा देणारा कायम समोरचाच. फोटोग्राफरच्या ग्रुपवर मॉडेल बेभरवशाच्या असतात आणि मॉडेलच्या ग्रुपवर फोटोग्राफर.

स्वभावाला दोष देणं सोपं आहे. पण या धंद्याची आर्थिक रचनाच अशी आहे की तारीख मोडणाऱ्याचं काहीच जात नाही आणि तारीख पाळणाऱ्याचं सगळं जातं. ते कसं, आणि कायदा त्यात किती उपयोगी पडतो, ते बघू.

नुकसान नेमकं किती?

एक साधा हिशेब मांडू. समजा, एका प्री-वेडिंगची ऑर्डर १२,००० रुपयांची आहे. लेन्सचं भाडं १,५००, मेकअप आर्टिस्टला कबूल केलेले २,५००, गाडीचं डिझेल आणि होडी मिळून १,२००. म्हणजे शूट झालं नाही तरी ५,२०० रुपयांची देणी उभी. लेन्सवाला भाडं परत करत नाही, कारण त्यानेही त्या दिवशी दुसऱ्याला नाही म्हटलेलं असतं. मेकअप आर्टिस्टने पैसे सोडले तर तो तिचा मोठेपणा, पण तिचा दिवस गेलाच.

याहून मोठा तोटा हिशेबात दिसत नाही. त्याच तारखेसाठी आलेली दुसरी ऑर्डर आठवड्यापूर्वीच नाकारलेली असते.

इंदापूर तालुक्यात ही तारीख आणखी महाग होते. उजनी जलाशयाच्या काठावर कुंभारगाव, डिकसळ या भागात फ्लेमिंगो बघायला लोक येतात ते हिवाळ्यात. पळसदेवचं पाण्यात गेलेलं जुनं मंदिर दिसतं ते पाणी बरंच ओसरल्यावर. म्हणजे पक्षी हवेत तर पाणी एका पातळीला हवं, मंदिर हवं तर दुसऱ्या. धरणातून पाणी कधी सुटणार हे काही फोटोग्राफर ठरवत नाही. त्यात सकाळचा चांगला उजेड मोजून दोन-तीन तास. अशी हुकलेली सकाळ ‘पुढच्या रविवारी करू’ म्हणून भरून निघेलच असं नाही.

लग्नाचंही तसंच. तिथी सगळ्यांना सारखीच असते. दाट तिथीला तालुक्यातला प्रत्येक कॅमेरा कुठल्या ना कुठल्या मांडवात असतो. अशा दिवशी दुसऱ्या कॅमेऱ्याचा मुलगा किंवा ड्रोनवाला सकाळी फोन बंद करून बसला, तर बदली माणूस दुप्पट पैसे मोजूनही मिळत नाही. तो मुलगा गेलेला असतो दुसऱ्याच मांडवात, हजार रुपये जास्त मिळाले म्हणून. त्याची चूक आहेच. पण त्याला आधीच्या फोटोग्राफरने काय दिलं होतं? ‘ये रे, बघू नंतर’ एवढा शब्द.

‘फुकट’ शूटचा घोळ

सगळ्यात जास्त शूट मोडतात ती टीएफपीची. टीएफपी म्हणजे वेळेच्या बदल्यात फोटो: मॉडेल पैसे घेत नाही, फोटोग्राफर पैसे घेत नाही, दोघांचा पोर्टफोलिओ तयार होतो. नवख्या मुलांसाठी ही पद्धत चांगली आहे. पण कोणाचाच रुपया लागलेला नसल्याने दोघांनाही ते काम ‘जमलं तर’ या खात्यातलं वाटतं. पैसे देणारं काम आलं की टीएफपी पुढे ढकललं जातं, आणि ढकलताना कळवायचंही राहून जातं.

खरं म्हणजे हे फुकट नसतं. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार मोबदला पैशातच असावा लागतो असं नाही. तू वेळ दे, मी फोटो देतो, ही दोन वचनं एकमेकांचा मोबदला ठरतात. त्यामुळे ठरलेल्या गोष्टी स्पष्ट असतील तर टीएफपीही करारच. एक अट मात्र विसरू नये: मॉडेल १८ वर्षांखालची असेल तर तिच्याशी केलेला करार कायद्याने टिकत नाही. अकरावी-बारावीच्या मुलींना थेट मेसेज करून तारखा ठरवणाऱ्यांनी आधी पालकांशी बोलावं, आणि ते फक्त करारासाठी नाही.

तमाशाची सुपारी आणि ऊसतोडीची उचल

कलाकाराची तारीख आधी पक्की करायची आणि त्याने त्या दिवशी यायचंच, ही अडचण पुणे जिल्ह्याला नवी नाही. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात जत्रांच्या हंगामाआधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी आणि यात्रा कमिटीचे लोक तिथे येतात, फड बघतात, तारीख ठरवून सुपारी देतात. जत्रेची तारीख हलत नाही, त्यामुळे फड आला नाही तर गाव खवळतं. गावाने ऐनवेळी नाही म्हटलं तर फडमालकाची ती रात्र रिकामी जाते, आणि एवढा कबिला पोसायचा तर रिकामी रात्र परवडत नाही. म्हणून शब्दाबरोबर पैसा हलतो. शिवाय पुढच्या वर्षी त्याच राहुटीत पुन्हा तोंड दाखवायचं असतं, हा धाक वेगळाच.

आता दुसरं उदाहरण, जे इंदापूर-बारामतीच्या ऊसपट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. हंगामाआधी टोळीला उचल दिली जाते. रक्कम मोठी असते, आणि मुकादम उचल घेऊन टोळी न आणताच गायब झाल्याच्या तक्रारी पोलिसांत जात असतात. दुसरीकडे, तीच उचल फेडता फेडता मजुराचं कुटुंब वर्षानुवर्षं अडकून पडतं.

दोन्हीकडे पैसा आगाऊच दिला जातो, मग फरक कुठे? सुपारी एका तारखेला बांधलेली असते आणि ती एका रात्रीत फिटते. उचल हे कर्ज होऊन बसतं. त्यामुळे ‘आता सगळे पैसे आधीच घेणार’ अशी स्टोरी टाकणाऱ्या फोटोग्राफरने थोडं थांबावं. पूर्ण रक्कम आधीच हातात पडली की फोटोग्राफरला वेळेवर यायला, आणि नंतर अल्बम द्यायला, काय कारण उरतं? रखडलेल्या अल्बमची गोष्ट लग्न झालेल्या कोणालाही विचारा. लहान इसार, उरलेले पैसे टप्प्याटप्प्याने, आणि इसार घेणाऱ्यालाही तारीख मोडल्याची तेवढीच झळ, हे जास्त चालतं. जमीन घेताना आपण विसार पावती लिहितो, मग सकाळच्या चार तासांसाठी दोन ओळी लिहायला एवढा संकोच का?

कायदा किती मदत करतो?

पहिली गोष्ट, न्यायालय मॉडेलला कॅमेऱ्यासमोर उभं करू शकत नाही. व्यक्तीच्या स्वतःच्या गुणांवर अवलंबून असलेलं काम जबरदस्तीने करून घेता येत नाही, असं विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम १४ मध्ये आहे. मागता येते ती भरपाई.

भरपाईचं मोजमाप करार कायद्याच्या कलम ७३ आणि ७४ मध्ये आहे. करार मोडल्यामुळे सरळ झालेलं नुकसान मिळू शकतं, पण ते कमी करायला तुमच्या हातात काय होतं हेही पाहिलं जातं. करारात ‘रद्द केल्यास ५०,००० दंड’ असं लिहिलं म्हणून ५०,००० मिळत नाहीत. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, तिच्या आत जे वाजवी तेवढंच.

इसार जप्त करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा निकाल फोटोग्राफरनीही माहीत करून घ्यावा. प्राधिकरणाने लिलावातल्या भूखंडाची अनामत जप्त केली आणि नंतर तोच भूखंड कितीतरी जास्त किमतीला विकला. न्यायालय म्हणालं, नुकसानच झालं नाही तर जप्ती कशाची? हाच न्याय आपल्याकडे लावायचा तर, मोडलेल्या तारखेला तुम्हाला तेवढ्याच पैशांची दुसरी ऑर्डर मिळाली असेल, तर पहिल्या ग्राहकाचा इसार अडवून ठेवण्याची तुमची बाजू लंगडी होते.

‘चारशेवीसचा गुन्हा दाखल करतो’ ही धमकीही सर्रास दिली जाते. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. पण नुसता शब्द मोडणं म्हणजे फसवणूक नाही. पैसे घेतानाच काम न करण्याचा इरादा होता हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात स्पष्ट केलंय. एकाच तारखेचा इसार पाच जणांकडून घेऊन नंबर बंद करणारा यात बसू शकतो. ताप आला म्हणणारी मॉडेल नाही.

ग्राहकाची स्थिती तुलनेने बरी आहे. लग्नाला फोटोग्राफर आलाच नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती सेवेतली त्रुटी ठरते. इंदापूरच्या कुटुंबाला आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोलता येतं. फोटोग्राफरला ग्राहकाविरुद्ध हा रस्ता नाही. त्याला दिवाणी न्यायालय, आणि ५,२०० रुपयांसाठी तारखांना हेलपाटे कोण घालणार? दोन्ही बाजू तयार असतील तर तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत दावा दाखल होण्याआधीच तडजोड होऊ शकते. स्वस्त उपाय आहे, पण वापरणारे कमी.

रद्द करणंच योग्य असतं तेव्हा

२१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला. ज्या पाण्यावर रोजची ये-जा चालते, तिथे ही घटना घडली. त्यामुळे आभाळ भरून आलेलं असताना ‘पाचच मिनिटं होडीत बसा, फ्रेम भारी येईल’ म्हणणाऱ्याला नाही म्हणणारी मॉडेल बेभरवशाची नसते. होडीचं शूट असेल तर लाइफ जॅकेट आणि वाऱ्याची अट आधी ठरली पाहिजे, आणि अशा कारणाने तारीख हलली तर इसार कोणाचाच बुडता कामा नये.

मुली ऐनवेळी का गळतात, याचंही एक कारण फारसं बोललं जात नाही. जागा आदल्या रात्रीपर्यंत सांगितलेली नसते, सोबत कोण असेल माहीत नसतं, कपड्यांबद्दल ठरलेलं अचानक बदलतं. घरचे नाही म्हणतात, आणि तिलाही मनातून नकोच असतं. ‘ताप आलाय’ हा त्यातला सभ्य नकार. जागेचं लोकेशन, हजर माणसांची नावं आणि ‘सोबत कोणाला आणलं तरी चालेल’ हे वाक्य चार दिवस आधी पाठवलं, तर असे कितीतरी ताप उतरतात.

स्क्रीनशॉट टाकण्याआधी

नाव घेऊन ‘एक्स्पोज’ करणारी स्टोरी टाकली की लाइक मिळतात, पैसे मिळत नाहीत. उलट बदनामीची तक्रार होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. खरं आणि लोकहितासाठी बोललो हा बचाव आहे, पण तो सिद्ध करण्याचं ओझं स्टोरी टाकणाऱ्यावर येतं. समोरच्याचा नंबर आणि खासगी चॅट टाकणं तर आणखी महागात पडू शकतं. तेच चॅट जपून ठेवलं तर पुरावा म्हणून चालतं. त्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून फोन बदलताना चॅट उडवू नका. यूपीआयने इसार पाठवताना शेऱ्यात तारीख आणि कामाचं नाव लिहा.

मोठा करार टाइप करून कोणी सही घेत बसणार नाही, हे मान्य. व्हॉट्सअॅपवर एवढं पाठवलं तरी बरंच काम होतं:

‘१८ जानेवारी, सकाळी ६ ते १०, कुंभारगाव. एकूण १२,०००. इसार ३,००० मिळाले. ७ दिवस आधी कळवलं तर इसार पूर्ण परत, त्यानंतर निम्मा, शेवटच्या ४८ तासांत परत नाही. मी रद्द केलं तर इसार परत आणि वर ३,००० मी देणार. वारा, पाऊस, आजारपण, घरात दुःखद घटना: फक्त तारीख बदलेल. उरलेल्यातले ५,००० शूटच्या दिवशी, ४,००० फोटो मिळाल्यावर. मान्य असेल तर मान्य असं लिहा.’

टीएफपी असेल तर पैशांच्या जागी किती फोटो, किती दिवसांत आणि ते कोण कुठे वापरणार, हे लिहायचं. त्यातली शेवटची बाब सोडू नका. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, सहसा काढून घेणाऱ्याकडे जातो. टीएफपीत पैसेच नसल्याने तिथे भांडणाला भरपूर जागा असते. आणि शूटच्या दोन दिवस आधी एक फोन करा. मेसेज नव्हे, फोन. ज्याला यायचं नसतं, तो मेसेजला अंगठा दाखवतो, पण फोनवर अडखळतो.